जिमनीत जिप्सी किती उरली?

मागच्या लेखात म्हटलं होतं की, प्रबंधाचं तिसरं प्रकरण का अडलंय ते सांगेन. अडलंय ते भंडारा जिल्ह्यातल्या एका सफारी गेटवर, आणि अडवलंय एका बंद पडलेल्या गाडीने. ‘बंद पडलेली’ म्हणजे उत्पादन बंद झालेली. रस्त्यावर ती अजून ठणठणीत धावते.

तुम्ही कधी पिटेझरी, कोका किंवा पवनीच्या गेटवरून जंगलात गेला असाल, तर तुम्हीही विचारलं असेल, “जिप्सी मिळेल का?” समोर कुठल्याही कंपनीची उघडी गाडी आली तरी आपल्याकडे ती ‘जिप्सी’च. मारुतीने 1985 साली काढलेल्या गाडीचं नाव इथे सामान्यनाम होऊन बसलंय. 2019 मध्ये ती गाडी बंद झाली. 2023 च्या जूनमध्ये त्याच घराण्यातली जिमनी आली, पाच दरवाजांची. आणि गाडीवेड्या मंडळींत जो वाद पेटला, तोच माझ्या प्रबंधाचा विषय: नव्या रूपात गाडीचं ‘कॅरेक्टर’ गेलं का?

या शब्दाला मराठीत काय म्हणायचं, यावर माझं आणि गाइडसरांचं एकमत झालेलं नाही. ‘चारित्र्य’ म्हटलं की गाडी पोलीस पडताळणीला निघाल्यासारखी वाटते. मी ‘स्वभाव’ म्हणतो.

आता संशोधन काय सांगतं ते बघू. लांडवेअर, लाब्रू आणि हेर्मान यांचा 2011 चा एक अभ्यास या क्षेत्रात बराच वाचला जातो. त्यांनी गाड्यांच्या समोरच्या फोटोंवरून दोन गोष्टी मोजल्या. पहिली, गाडीचा चेहरा किती ‘ठराविक’ आहे. त्यासाठी अनेक गाड्यांचे चेहरे संगणकावर एकमेकांत मिसळून एक सरासरी चेहरा बनवला आणि प्रत्येक गाडी त्यापासून किती दूर पडते ते पाहिलं. दुसरी, चेहरा किती गुंतागुंतीचा आहे. त्याची युक्ती मला फार आवडते: चित्राची फाइल दाबून लहान केली की ती किती लहान होते ते बघायचं. साधं चित्र जास्त आक्रसतं, गुंतागुंतीचं कमी. या दोन आकड्यांची भर घातल्यावर जर्मनीतल्या विक्रीचा अंदाज आणखी नेमका आला.

त्याच गटातल्या दोघांनी आणखी एकाबरोबर 2013 मध्ये पुढचा प्रश्न विचारला. एकदा बघून आवडणं आणि वारंवार बघून आवडणं एकच का? तर नाही. पहिल्या नजरेत ठराविक रूप जिंकतं. पण पुन्हा पुन्हा समोर आलं की चाकोरीबाहेरचं रूप आवडायला लागतं. म्हणजे आज “हे काय करून ठेवलंय!” म्हणून ओरडणारा माणूस वर्षा-दोन वर्षांत गप्प होऊ शकतो.

पोर्शे 911 चंच घ्या. 1963 पासूनची ही स्पोर्ट्‌स कार, इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं. 1997 मध्ये आलेल्या 996 पिढीत इंजिन पाण्याने थंड होऊ लागलं आणि गोल दिव्यांच्या जागी तळलेल्या अंड्यासारखे पसरट दिवे आले. भक्तमंडळी दोन्हींवर चिडली. 2004 च्या पुढच्या पिढीत दिवे पुन्हा गोल झाले. पाणी मात्र राहिलं. राग दोन गोष्टींचा होता. कंपनीने चेहरा परत दिला आणि पोट तसंच ठेवलं. तरीही 911 ही 911 च राहिली.

हे सगळं वाचून माझी प्रश्नावली तयार झाली. जिप्सी, जिमनी, 2010 ची थार, 2020 ची थार, असे समोरून काढलेले फोटो. प्रत्येकाला गुण द्या. नागपुरातल्या हौशी मंडळींनी ती आनंदाने भरली, समासात भांडणंसुद्धा लिहिली. मग मी पिटेझरीला गेलो. तिथे गेटवरच्या एका भाऊंनी फोटोंचा गठ्ठा हातात घेतला, दोन-तीन उलटले आणि जिमनीच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, “मागं किती जण बसतात जी?”

माझ्या प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता.

उत्तर असं: जिमनीत एकूण चार जागा. एक चालकाची, एक गाइडची. उरले पर्यटक दोन. सफारीच्या जिप्सीत चालक आणि गाइड सोडून सहा जण बसतात. एका फेरीचं भाडं सहा जणांत वाटलं जातं. दोघांत वाटायचं तर गेटवर कोण येणार? गाडीचा स्वभाव कसला विचारता, इथे घरखर्चाचा प्रश्न आहे.

मग मी नागपूरची उत्तरं परत काढून वाचली, आणि आता ती जरा पोकळ वाटली. दोन गट होते. एक म्हणत होता, जिमनीत स्वभाव शाबूत आहे: शिडीसारखी चासी तीच, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चढासाठी वेगळा लो गिअर. ठीक, यंत्र म्हणून हे खरंच आहे. चारही चाकांवरच्या पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या, म्हणून कुणी अश्रू ढाळू नयेत. जिप्सीच्या मागच्या बाकावर पाच मिनिटं बसलेल्या कुणाच्याही कंबरेला विचारा.

दुसरा गट म्हणत होता की ओढून लांब केली तिथेच जिमनी मेली. परदेशातली तीन दारांची खरी, तिच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2250 मिलिमीटर अंतर; आपली 2590 ची. हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. ज्या जिप्सीच्या नावाने ते गळा काढतात, ती स्वतःच ओढून लांब केलेली होती! सुझुकीच्या मूळ छोट्या गाडीत हे अंतर 2030 होतं. मारुतीने आपल्याकडे आणली ती 2375 ची लांब आवृत्ती. लांबी वाढली म्हणून स्वभाव गेला असेल, तर तो 1985 मध्येच गेला. आपण फक्त ते बघितलं नाही, कारण आपण छोटी कधी पाहिलीच नव्हती.

थारची गोष्ट याच्या उलट. 2020 च्या थारमध्ये आत बरंच बदललं. मागच्या पाट्या गेल्या, ऑटोमॅटिक गिअर आला, टचस्क्रीन आला, ग्लोबल एनकॅपचे चार तारे आले. जुने लोक म्हणाले, मऊ झाली. पण साकोलीच्या हायवेवर ती दिसली की पोरं अजूनही “थार!” म्हणूनच ओरडतात. चेहरा टिकला, नाव टिकलं. चेहरा मोजणारं संशोधन इथे बरोबर चालतं.

जिप्सीला मात्र ते लागू होत नाही, कारण सफारीच्या जिप्सीचा स्वभाव कारखान्यात बनलेलाच नव्हता. कारखान्यातून आली ती कापडी छताची, मागे समोरासमोर बाक असलेली गाडी. ते बाक काढून आडवे, पायरीसारखे उंच बाक बसवले, धरायला पाइप लावले, ते इकडच्या वेल्डिंगवाल्यांनी. त्या गाडीने हे करू दिलं. जिमनी आपल्याकडे विकली जाते ती पत्र्याच्या छताची. ते कापायला गेलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, कारण कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आणि समजा कापलं, तरी जागा चारच.

म्हणून माझं मत: डोंगर चढायला जिमनी ही जिप्सीची सच्ची वारस आहे, कदाचित तिच्याहून चांगली. पण नागझिऱ्याच्या वाटेवर ती वारस नाही. त्याचा तिच्या दिव्यांशी किंवा दारांशी संबंध नाही. जिप्सी अर्धवट होती, उरलेली आपण पूर्ण करायचो. जिमनी पूर्ण होऊनच येते. लांडवेअर आणि मंडळींच्या पद्धतीत हा ‘अर्धवटपणा’ पकडायला जागा नाही, कारण तो फोटोत दिसत नाही. त्यांची चूक नाही. त्यांचा प्रश्न विक्रीचा होता. चूक माझी, मी त्यांची फूटपट्टी उचलून जंगलात नेली.

पिटेझरीच्या भाऊंकडे अजून जुनीच जिप्सी आहे. सुटे भाग मिळतात तोवर चालवणार म्हणाले. पुढे काय घेणार विचारलं तर हसले आणि माझ्याच गठ्ठ्यातून एक फोटो काढून दाखवला: जिप्सीचाच.

गाइडसरांनी आता प्रश्नावलीची पहिली 4 पानं काढून टाकायला सांगितली आहेत. पावसाळ्यानंतर गेट उघडली की परत जातोय. या वेळी फोटो नाहीत, फक्त एक वही आणि मोजपट्टी. आधी बाकांची उंची मोजून घेणार आहे.