कादंबरी, रंगमंच आणि बीडचा कोयता

१९८३ साली बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. त्यांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीतला दुष्काळ बीडच्या वाचकाला समजावून सांगायची गरजच नव्हती, गाव ओस पडतं म्हणजे काय, हे त्याला घरातूनच ठाऊक. माडगूळकरांची नाटककार ही बाजू मात्र आज फारशी कुणी काढत नाही. ‘तू वेडा कुंभार’मध्ये त्यांनी मोडत चाललेलं कुंभाराचं घर उभं केलं, तर ‘पती गेले गं काठेवाडी’त लोकनाट्याची मजा खेळवली. ‘बनगरवाडी’ त्यांनी रंगमंचावर ओढून आणली नाही, हे शहाणपणाचंच झालं. ती कादंबरी मास्तरच्या नजरेवर चालते, आणि नजर संवादात मावत नाही.

जयवंत दळवींनी कादंबरी आणि रंगमंच यांच्यामधला हा उंबरा सहज ओलांडला. ‘अंधाराच्या पारंब्या’तून त्यांनी ‘बॅरिस्टर’ काढलं, आणि ते मूळ कादंबरीहून घट्ट झालं. त्यांच्याच ‘महानंदा’वरून शं. ना. नवऱ्यांनी ‘गुंतता हृदय हे’ लिहिलं. भाविणीच्या आयुष्याची ती गोष्ट नाटकात मुख्यतः प्रेमकथा म्हणून लक्षात राहते. कादंबरी रंगमंचावर येताना समाज मागे राहतो आणि दोघा-चौघांची भांडणं-प्रेमं तेवढी पुढे येतात, असं आपल्याकडे फार वेळा झालं आहे.

ही खोड मोडली ती बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीच्या माणसानं. वामन केंद्रे पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले, पद्मश्री झाले. पण माझ्या मते त्यांचं खरं काम ‘झुलवा’. उत्तम बंडू तुपे यांची कादंबरी, चेतन दातारांचं नाट्यरूप आणि केंद्र्यांचं दिग्दर्शन. देवीला सोडलेली पोर जोगतीण होते, तेव्हा तिच्याबरोबर सगळी वस्ती त्यात ओढली जाते. हे सांगायला कादंबरीला पानंच्या पानं लागतात. रंगमंचावर चौंडकं, भंडारा, परडी आणि गाणारा घोळका एवढ्यानं ते भागतं. इथं समूह मागं राहत नाही, तोच नाटक पुढं नेतो. भारूड-गोंधळ पाहत वाढलेल्या माणसाला निवेदन आणि प्रसंग यांच्यात भिंत दिसत नाही, म्हणून हे साधलं. पुढे विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’मधून आलेलं ‘रणांगण’ही केंद्र्यांनी बसवलं. भव्यता होती, तरी ‘झुलवा’ची धग मला त्यात जाणवली नाही.

लिहिणाऱ्यांचीही या जिल्ह्याला वाण नाही. अंबाजोगाईचे रंगनाथ तिवारी ‘बेगम समरू’ या कादंबरीच्या निमित्तानं थेट सरधन्यापर्यंत गेले. एकनाथ आव्हाडांचं ‘जग बदल घालुनी घाव’ हे आत्मकथन तर एकेका प्रकरणात नाटक दडवून बसलं आहे.

आणि तरीही ‘झुलवा’च्या तोडीचं नाटक बीडच्या ऊसतोडीवर उभं राहिलेलं नाही. एकांकिका येतात, स्पर्धेत बक्षिसं घेतात. त्यांत बहुधा बैलगाडी, पाचट, रडणारी बाई आणि मिशीवाला मुकादम. मुकादम इतका काळाकुट्ट की टोळीनं त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, का घेतली, हा प्रश्नच उरत नाही. प्रत्यक्षात तो पुष्कळदा गावातलाच, कधी नात्यातला असतो. कारखाना आणि टोळी यांच्यामध्ये तोही अडकलेला असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकट्याचा अर्धा. बाई आजारी पडली की खाडा, आणि पैसे कापले जातात. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली, ती या हिशेबापासून वेगळी काढता येत नाही.

नाटककारानं सहा महिन्यांचा अख्खा हंगाम दाखवायच्या फंदात पडू नये. ते काम कादंबरीचं. त्याला एक रात्र पुरे: दिवाळीच्या आगेमागे मुकादम ओट्यावर वही उघडून बसलाय, मागची बाकी वजा करून नवी उचल मोजतोय, आणि पोरीला बरोबर न्यायचं की आजीजवळ ठेवायचं यावर घरात अजून एकमत नाही.