मर्ज केलेलं टेबल : डोळ्याला बरं, डेटाला नाही

"डेटा न गमावता सेल एकत्र कसे करायचे?" हा प्रश्न प्रत्येक नवा संशोधक कधीतरी विचारतोच. उत्तरही झटपट मिळतं : हे बटण दाबा, हे सूत्र टाका, झालं. आज मला याच उत्तरावर टीका करायची आहे. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. आणि उरलेला अर्धा भाग मी स्वतःच्या डेटावर शिकलो.

माझं काम खारपाणपट्ट्यातल्या भूजलावर आहे. पूर्णा खोऱ्यातला हा पट्टा अकोला, अमरावती आणि आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागात फिरून विहिरींचे नमुने घेतले आणि प्रत्येकाची टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मात्रा, एक्सेलमध्ये भरली. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २०००. त्यामुळे कोणती विहीर कुठल्या तालुक्यातली, ही साधी माहिती नाही. गावाला पाणी चालेल की नाही, हे त्यावर बोलायचं असतं.

आता टेबल छान दिसावं म्हणून मी पहिल्या रकान्यात शेगावच्या बारा ओळींचे सेल मर्ज करून मधोमध "शेगाव" लिहिलं. बाकीच्या तालुक्यांचंही तसंच. मग टीडीएसनुसार क्रम लावायला गेलो तर एक्सेल अडलं : मर्ज केलेले सेल सारख्याच आकाराचे हवेत. मी वैतागून सगळे अनमर्ज केले, क्रम लावला, फाईल सेव्ह करून बंद केली. दुसऱ्या दिवशी शेगावचा फिल्टर लावून सरासरी काढली आणि मॅडमला दाखवली. त्या म्हणाल्या, "शेगावचे नमुने बारा होते ना? इथं एकच कसा?"

तर झालं काय, बघा. मर्ज केलेल्या सेलमध्ये मजकूर असतो फक्त वरच्या डाव्या सेलमध्ये. बाकीचे अकरा सेल रिकामेच असतात, ते फक्त झाकलेले असतात. अनमर्ज केलं की रिकामेपण उघडं पडतं, आणि नंतर क्रम लावला की कोणती ओळ कोणत्या तालुक्याची हे कायमचं पुसलं जातं. कंट्रोल-झेडची सोय फाईल बंद करताच संपली होती. वाचलो ते फील्ड डायरीमुळे.

इथे माझा पहिला आक्षेप. भरलेले सेल मर्ज करताना एक्सेल सूचना देतं की फक्त वरच्या डाव्या सेलमधला मजकूर राहील. ही सूचना चांगलीच आहे. लिब्रेऑफिस कॅल्क तर आणखी पुढे जाऊन विचारतं की झाकल्या जाणाऱ्या सेलमधला मजकूर पहिल्यात आणायचा, तसाच ठेवायचा की काढायचा. पण माझं नुकसान झालं तेव्हा एकही सूचना आली नव्हती. डेटा सूचनेसकट जातो तेव्हा आपण सावध असतो. तो चुपचाप गेला की शोधनिबंधातच सापडतो.

दुरुस्ती सोपी आहे, पण ती क्रम लावण्याआधीच करायची. अनमर्ज करा, फक्त तालुक्याचा रकाना निवडा, एफ-५ दाबून स्पेशलमधून ब्लँक्स निवडा, बरोबरचं चिन्ह टाका, वरचा बाण दाबा, मग कंट्रोल-एंटर. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये वरचं नाव उतरतं. शेवटी कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज करा, नाहीतर ती सूत्रंच राहतात आणि क्रम बदलला की नावंही बदलतात. आणि हो, हा प्रयोग मोजमापांच्या रकान्यावर करू नका. तिथला रिकामा सेल म्हणजे "मोजलं नाही". तो भरला तर तुम्ही आकडा बनवला.

आता जोडणं. दोन रकान्यांतला मजकूर एकत्र हवा असेल तर मर्ज नको, नव्या रकान्यात & चिन्ह किंवा टेक्स्टजॉइन वापरा, असं सगळे सांगतात. बरोबर आहे. पण विभाजकाबद्दल कुणी बोलत नाही. आपल्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. तालुका क्रमांक १ आणि विहीर १२ नुसते जोडले तर ११२. तालुका ११ आणि विहीर २ जोडले तरी ११२! मध्ये आडवी रेघ टाकली तर १-१२ आणि ११-२ वेगळे राहतात. पण तेही उघड्यावर टाईप केलं तर एक्सेल तारीख समजतं, म्हणून सेल आधी टेक्स्ट करून ठेवा. हा धोका काल्पनिक नाही. जनुकांची नावं एक्सेलमध्ये तारखा होतात म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने काही नावंच बदलली. टेक्स्टजॉइनमध्ये रिकामे सेल वगळायचा पर्यायही जपून वापरा. एक जागा गळाली की परत वेगळं करताना पुढचं सगळं सरकतं.

वेगळं करण्यात तर गावंच उलटतात. टेक्स्ट टू कॉलम्सला "मोकळ्या जागेवर तोड" म्हटलं की "पिंपळगाव राजा" आणि "पिंपळगाव काळे" दोन्ही पहिल्या रकान्यात नुसते "पिंपळगाव" होतात. एक खामगाव तालुक्यातलं, दुसरं जळगाव जामोद तालुक्यातलं. जळगाव जामोद आणि सिंदखेड राजा यांचंही तेच. शिवाय तुटलेला मजकूर उजवीकडच्या रकान्यांवर चढतो. एक्सेल विचारतं, पण आपण घाईत ओके दाबतो. म्हणून आधी उजवीकडे रिकामे रकाने घाला, आणि नावाऐवजी जनगणनेचा सहा अंकी गाव संकेतांक वापरा.

कार्ल ब्रोमन आणि कारा वू यांचा २०१८ चा स्प्रेडशीट मांडणीवरचा लेख जरूर वाचा. एका सेलमध्ये एकच गोष्ट, रिकामे सेल नकोत, मर्ज नको, असं ते स्पष्ट सांगतात. माझी तक्रार एवढीच की त्यांचा भर पहिल्यापासून नीट मांडणी करण्यावर आहे. आपल्याकडे डेटा येतो तोच मर्ज केलेल्या टेबलांतून, आणि प्रबंधातही तसंच टेबल मागितलं जातं.

मग करायचं काय? दोन शीट. एक कच्च्या डेटाचं : प्रत्येक ओळीत तालुका, गाव, विहीर पुन्हा पुन्हा लिहिलेले, मर्ज शून्य. दुसरं छपाईचं, त्यात हवी तेवढी सजावट. आडव्या शीर्षकासाठी तर मर्जचीही गरज नाही, फॉरमॅट सेल्समधलं सेंटर अक्रॉस सिलेक्शन तेच काम करतं. उभ्या ओळींसाठी ते चालत नाही, म्हणून ते काम छपाईच्या शीटवरच ठेवा.

आणि कसोटी एकच : जोडा, परत तोडा, मूळ रकान्याशी ताडून बघा. जसंच्या तसं परत आलं तरच "डेटा न गमावता" म्हणायचं. मी आता प्रत्येक फाईलवर हे करतो. दहा मिनिटं लागतात. बारा विहिरींवर पुन्हा जाऊन यायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि मे महिन्यात तर विचारूच नका.