पॅनेलचे चित्र आणि पॅनेल

कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी बांधलेले विमान तुम्हांला आठवत असेल. अमेरिकेत अशी घरी बांधलेली विमाने हजारोंनी उडतात. बांधणीचा मोठा वाटा हौशी माणसांनी स्वतः उचललेला असला आणि तपासणी पार पडली, की 'प्रायोगिक' म्हणून उड्डाणाची परवानगी मिळते. आमचा एक जुना विद्यार्थी तिथे गॅरेजमध्ये दोन आसनांचे आरव्ही-७ बांधतो आहे. त्याने विचारले, "सर, इन्स्ट्रुमेंट पॅनेल आखायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?"

तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे विचारावे, याचे आम्हांलाही नवल वाटले. पण त्याने सोबत पाठवलेले चित्र पाहिले आणि प्रश्न आमच्याच अंगणातला निघाला.

चित्र देखणे होते. राखाडी आयतावर उपकरणांचे फोटो सरकवत बसायचे, असे ते सॉफ्टवेअर. वेगमापक डावीकडे, कृत्रिम क्षितिज मध्ये, उंचीमापक उजवीकडे, खाली दिशादर्शक. सगळे नियमाला धरून. पण हे समोरून बघणारा आहे कोण? खुर्चीत पट्टे बांधून बसलेला वैमानिक तो नव्हे. तो अधांतरी तरंगणारा एक डोळा आहे. त्याला हात नाहीत, खांदे नाहीत, पॅनेलच्या मागे काय आहे याची गंधवार्ता नाही. सॉफ्टवेअर खोटे बोलत नाही हो. पण जे विचारायला हवे ते विचारूच देत नाही, ही आमची तक्रार.

मागे काय असते बघा. रेडिओच्या उभ्या रांगेची रुंदी सव्वासहा इंच ठरलेली. पण त्यांची खोली, त्यामागचे कनेक्टर, वायरींची जुडगी, शिवाय विमानाच्या सांगाड्याच्या पट्ट्या. इथे त्रिमिती सॉफ्टवेअर लागतेच. सॉलिडवर्क्स बलाढ्य आहे, मात्र नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या आवृत्तीत थेट उघडून काम करता येईलच असे नाही. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालते. फुकट वापरले तर आराखडा सगळ्यांना खुला राहतो. यात आम्हांला गैर वाटत नाही, चूक दाखवणारे चार डोळे मिळाले तर बरेच. फ्यूजनच्या फुकट परवान्यावर 2020 मध्ये एका वेळी दहाच फाइलींवर काम करता येईल अशी मर्यादा आली. विमान बांधायला वर्षानुवर्षे लागतात आणि पॅनेल तर पुढेही बदलत राहते. मधेच घरमालकाने अटी बदलल्या तर? म्हणून आमचा कल फ्रीकॅडकडे. त्यात आधीचे एखादे माप बदलले की नंतरचे भोक भलत्याच पृष्ठावर जाऊन बसायचे. 2024 च्या 1.0 आवृत्तीत हा त्रास पुष्कळ कमी झाला.

तरी एक प्रश्न उरतोच, हाताचा.

12 ऑक्टोबर 1997 ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून गेले. विमान घरी बांधलेले, लाँग-ईझी जातीचे. त्यांनी ते आयते विकत घेतले होते. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलणारा खटका वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. तिथे पोचायला वळावे लागे, आणि वळताना उजवे पेडल नकळत दाबले जाई. चौकशी अहवालाने वैमानिकाचे लक्ष विचलित होण्याबरोबर खटक्याची ही जागा आणि त्यावर खुणा नसणे, हेही कारणांत धरले. उड्डाणाआधी पुरेशी तयारी झाली नव्हती, इंधन भरून घेतले नव्हते, हेही त्यात आहे. आता सांगा, समोरून काढलेल्या कोणत्या चित्रात तो खटका दिसला असता? त्रिमितीत दिसला असता, अगदी सुबक दिसला असता. पण तिथवर हात नेऊन बघणारे तिथेही कुणी नव्हतेच, नाही का?

हे आम्ही विद्यार्थ्याला लिहिले. त्याने आराखड्याची एकास एक मापाची प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवली, खुर्चीसमोर टांगली, पट्टे आवळले, डोळे मिटले आणि इंधनपंपाच्या स्विचकडे हात नेला. बोट लागले ते शेजारच्या दिव्याच्या स्विचला. पंपाचा स्विच दोन इंच वर गेला, वेगळ्या आकाराची कळ घेऊन. सॉफ्टवेअर कोणते घेतले, ते काही त्याने अजून कळवलेले नाही.