संपादिकेच्या टेबलावरून

टोनी मॉरिसन यांच्यावरचे लेख बहुधा १९९३च्या नोबेलपासून सुरू होतात. त्यांच्या कादंबरीची मुळं शोधायची तर आधी त्यांची नोकरी पाहावी लागेल. घटस्फोटानंतर मुलांना घेऊन त्या सिरॅक्यूसला क्रमिक पुस्तकांच्या संपादक म्हणून रुजू झाल्या. तिथून न्यूयॉर्कला ‘रँडम हाऊस’मध्ये आल्या आणि १९८३पर्यंत तिथेच राहिल्या. ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०), ‘सुला’ (१९७३) आणि ‘साँग ऑफ सॉलोमन’ (१९७७) या कादंबऱ्या नोकरी सांभाळून लिहिलेल्या आहेत. त्याच वर्षांत अँजेला डेव्हिस यांचं आत्मचरित्र, टोनी केड बंबारा यांच्या कथा, गेल जोन्स यांची ‘कॉरेजिडोरा’ ही पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली.

‘द ब्लॅक बुक’ (१९७४) हेही त्यांच्याच टेबलावर आकाराला आलं. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची जुनी कात्रणं, छायाचित्रं, जाहिराती असा तो संग्रह. त्यातल्या एका कात्रणात मार्गारेट गार्नर भेटते. १८५६मध्ये केंटकीतून पळालेली ही गुलाम स्त्री सिनसिनाटीत पकडली गेली, तेव्हा मुलगी पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिने तिला मारलं. हिच्यावर खुनाचा खटला भरायचा, की मालमत्ता म्हणून हिला मालकाकडे धाडायचं, यावर तिथे वाद झाला. अखेर तिला परत पाठवण्यात आलं.

‘बिलव्हेड’ (१९८७) या घटनेवर उभी आहे, पण गार्नरच्या चरित्राच्या मागे मॉरिसन फारशा लागल्या नाहीत. त्यांनी सेथे घडवली आणि हत्येचा प्रसंग बराच काळ लांबवत नेला. तो येतो, तेव्हा आधी दिसतो तो पकडायला आलेल्या गोऱ्यांच्या नजरेतून. त्या नजरेला दिसतं ते फक्त बिघडलेलं, कामातून गेलेलं जनावर. त्यांच्यातला ‘स्कूलटीचर’ पूर्वी आपल्या विद्यार्थ्यांना सेथेचे माणसाचे गुण एका बाजूला आणि जनावराचे दुसऱ्या बाजूला मांडायला लावत असे, आणि त्यासाठी लागणारी शाई सेथेनेच केलेली असे. क्रौर्याचं याहून थंड वर्णन अमेरिकी कादंबरीत मी वाचलेलं नाही. गुलामगिरी वहीतल्या रकान्यांतूनही चालते, हे इतक्या नेमकेपणाने दिसायला कागदपत्रं हाताळलेली नजर लागते, असं मला ठामपणे वाटतं.

आणखी एक ऋण आहे. ‘कॉरेजिडोरा’मध्ये (१९७५) गुलामगिरीची साक्ष आईकडून लेकीकडे जाते आणि तिचं ओझं लेकीचं आयुष्य गिळू पाहतं. भूतकाळ विसरता येत नाही आणि सतत उगाळत जगताही येत नाही, हा पेच जोन्स यांनी बारा वर्षं आधी मांडला होता. ‘बिलव्हेड’चं मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. मात्र समीक्षक मॉरिसन यांना एकट्या शिखरासारखं उभं करतात आणि हा शेजार नजरेआड होतो.

नंतरचं सगळंच लेखन या उंचीचं नाही. ‘अ मर्सी’ (२००८) सतराव्या शतकात शिरते आणि थोडक्या पानांत खोल जाते. ‘गॉड हेल्प द चाइल्ड’मध्ये (२०१५) मात्र पात्रं स्वतःचं दुःख स्वतःच समजावून सांगतात. पूर्वी हे काम त्या वाचकावर विश्वासाने सोपवत असत.

मॉरिसन २०१९मध्ये गेल्या. दोन वर्षांनी, दीर्घ मौनानंतर, गेल जोन्स यांची ‘पाल्मारेस’ आली. ब्राझीलमधल्या पळालेल्या गुलामांच्या वसाहतीवरची ही कादंबरी पुलित्झरच्या अंतिम यादीत पोहोचली. मॉरिसन यांच्या कामाचा हिशेब मांडताना तिलाही जागा द्यायला हवी.