रेडिओचे स्मरण आणि श्रवणाची परंपरा

जुन्या रेडिओवरील आपले स्मरणलेखन बहुधा बिनाका गीतमालेतच रमते. १९५२ साली नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आवर घातला. वर्षअखेरीस सिलोनवर ही गीतमाला सुरू झाली. जळगाव-धुळ्यातही खरखरीतून सूर वेचणारे कान तयार झाले. परंतु खानदेशाला श्रवणाची परंपरा त्याहून जुनी आहे. त्याच १९५२ मध्ये असोद्याच्या लेकीची, निरक्षर बहिणाबाई चौधरींची गाणी ग्रंथरूपाने आली. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने ती ऐकून उतरवली, म्हणूनच टिकली. स्मरणलेखनात उणीव भासते ती या जाणिवेची. संचाचे कौतुक पुष्कळ झाले. ऐकण्याच्या साधनेविषयी कोणी लिहीत नाही. आपल्या घरातील आजीची गाणी आज लक्षपूर्वक ऐकली नाहीत, तर उद्या ती उतरवणार कोण?