चूक बरोबर आली का? टाइप चेकरच्या चाचण्यांची एक समीक्षा

टाइप चेकर म्हणजे प्रोग्राम चालवण्याआधीच त्यातली प्रकारांची गल्लत पकडणारा प्रोग्राम, एवढं धरून आज पुढे जाऊ. 'वय' या नावाखाली फक्त आकडा राहील असं आपण लिहून दिलं आणि पुढच्याच ओळीत तिथे "बारा" ही अक्षरं टाकली, तर चेकरने ओरडायला हवं. तो ओरडतोही. आपला प्रश्न त्याच्या पुढचा आहे: तो योग्य ठिकाणी, योग्य कारणासाठी, समजेल अशा शब्दांत ओरडतो का, हे कोण तपासतं?

साध्या प्रोग्रामची चाचणी सरळ असते. दोन आणि दोन दिले, चार आले, पास. चेकरचं उलटं असतं. मुद्दाम चुकीचा प्रोग्राम लिहायचा आणि ठरलेली तक्रार आली तरच पास म्हणायचं. इथे धाटावच्या केमिकल कंपन्यांच्या लॅबमध्ये काम केलेले श्रोते असतील, त्यांना यात नवल वाटणार नाही. यंत्राची खात्री करायला ज्यात काय आहे हे आधीच माहीत आहे असा नमुना घालतात. यंत्राने भलताच आकडा दाखवला तर नमुन्याला कोणी दोष देत नाही.

या चाचण्या सहसा कोणी वाचत नाही. आम्ही त्या वाचायच्या मजकुरासारख्या वाचतो आहोत, म्हणून याला समीक्षा म्हणतो. त्या लिहिणाऱ्याने चेकरकडून काय अपेक्षा केली आणि कशाची अपेक्षाच केली नाही, दोन्ही त्यात दिसतं.

मायपायपासून सुरुवात करू. हा पायथॉनचा टाइप चेकर, युक्का लेहटोसालो यांनी सुरू केलेला. त्याच्या चाचण्या साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. चौकटी कंसात 'केस' आणि चाचणीचं नाव, खाली चार-पाच ओळींचा प्रोग्राम. ज्या ओळीत चूक आहे तिच्याच शेवटी हॅशचं चिन्ह, 'ई', कोलन आणि मग चेकरने म्हणायचं ते पूर्ण वाक्य. आपल्या वयाच्या उदाहरणात ते वाक्य 'इनकम्पॅटिबल टाइप्स इन असाइनमेंट' असं सुरू होतं आणि कंसात कुठला प्रकार आला, कुठला हवा होता ते सांगतं. चूक आणि तिची अपेक्षित तक्रार शेजारी शेजारी. आमच्या मते ही मांडणी फार चांगली आहे. परीक्षक, प्रश्न आणि उत्तर एका नजरेत दिसतात.

यातला एक गुण पटकन लक्षात येत नाही. ज्या ओळीशेजारी 'ई' नाही, तिथे चेकरने गप्प बसायचं. नको तिथे ओरडला तरी चाचणी नापास. क्लँग या सी भाषेच्या कम्पायलरची 'व्हेरिफाय' नावाची सोयही असंच करते: सांगितलेली तक्रार आली नाही तर नापास, न सांगितलेली आली तरी नापास. घाबरट चेकर बेफिकीर चेकरइतकाच निरुपयोगी, कारण दहा वेळा उगाच ओरडला की अकराव्या वेळी कोणी ऐकत नाही.

आता ढिली पद्धत बघा. टाइपस्क्रिप्टच्या ३.९ या आवृत्तीत, २०२० साली, 'टीएस एक्स्पेक्ट एरर' नावाची टीप आली. ती टीप लिहिली की पुढच्या ओळीत चूक आहे असं धरलं जातं, आणि तिथे चूक सापडली नाही तर टीपच चूक ठरते. सोयीची आहे, हल्ली सर्रास वापरतात. पण कुठली चूक, हे ती विचारत नाही. समजा तुम्हाला बघायचं आहे की आकड्याच्या जागी अक्षरं दिल्यावर चेकर अडवतो का. तुम्ही ती ओळ लिहिली आणि घाईत फंक्शनच्या नावातलं एक अक्षर चुकवलं. चेकर म्हणाला, या नावाचं काही नाही. चूक आली, चाचणी पास! ज्याची परीक्षा घ्यायची होती त्याला कोणी प्रश्नच विचारला नाही, आणि वर्षानुवर्षं तिथे हिरवी खूण दिसत राहते. हा दोष एकट्या टाइपस्क्रिप्टचा नाही. 'काहीतरी चुकलं म्हणजे झालं' एवढ्यावर समाधान मानणाऱ्या प्रत्येक चाचणीत तो आहे. शाळेत मुलाला 'चूक' असा शेरा मिळाला आणि तो बरोबर शब्दाखाली होता, तर पालक भांडायला जातील. इथे भांडायला कोणी जात नाही.

म्हणजे ढिलं नको, घट्ट हवं? घट्ट पद्धतीचा नमुना रस्टमध्ये आहे. रस्टच्या कम्पायलरच्या 'यूआय' चाचण्यांत तक्रारीतलं फक्त वाक्य जपत नाहीत. ओळीखालचं अधोरेखन, बाणाची खूण, 'असं करून बघा' हा सल्ला, सगळी छापील तक्रार जशीच्या तशी एका शेजारच्या फाइलीत ठेवतात. एक स्वल्पविराम हलला तरी चाचणी पडते. एका संदेशातला एक शब्द सुधारला की अशा फाइलींचा ढीग एकदम पडू शकतो. म्हणून एक सोय दिली आहे. 'ब्लेस' म्हणायचं, म्हणजे आशीर्वाद द्यायचा. त्यासरशी कम्पायलर आत्ता जे म्हणतो आहे तेच नवीन अपेक्षित उत्तर म्हणून लिहिलं जातं. मायपायमध्येही 'अपडेट डेटा' नावाने असं करता येतं आणि टाइपस्क्रिप्टच्या स्वतःच्या चाचण्यांत 'बेसलाइन अॅक्सेप्ट' म्हणतात.

इथे आमची खरी तक्रार सुरू होते. पेणच्या गणपती कारखान्यांत आधी मूळ मूर्ती घडवतात, तिच्यावरून साचा काढतात आणि साच्यातून पुढच्या मूर्ती. मूळ मूर्तीचा कान जरा वाकडा असेल तर तो साच्यातही वाकडाच उतरणार. आता कोणी म्हणालं, की ही मूर्ती नीट झाली आहे का ते बघू, हिच्याच साच्यात बसते का ते तपासू. बसेलच ना! ब्लेस केलेली चाचणी अशी असते. चेकर काल जसा होता तसाच आज आहे एवढं ती सांगते. काल तो बरोबर होता का, हे तिला माहीत नसतं.

कोणी म्हणेल, ब्लेस करताना माणूस फरक वाचतोच की. दोन फाइलींचा फरक वाचतोही. दोनशे फाइलींचा वाचेल? पहिले पाच वाचून बाकीच्यांवर शिक्का मारायचा मोह कोणाला होणार नाही? मात्र रस्टच्या मंडळींनी यावर केलेला उपाय आम्हाला आवडतो. छापील तक्रारीची फाइल यंत्र लिहितं, पण मूळ प्रोग्रामात चुकीच्या ओळीशेजारी 'इथे अमुक चूक अपेक्षित' ही खूण माणसाने हाताने लिहायची असते आणि ब्लेस तिला हात लावत नाही. एक कुलूप यंत्राचं, एक माणसाचं. आम्हाला माहीत असलेल्या मांडण्यांत हीच सर्वात प्रामाणिक वाटते.

पण 'चुकीची ओळ' म्हणजे तरी कुठली? हे वाटतं तितकं सोपं नाही, म्हणून जरा थांबू. रोहा हे मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होण्याचं ठिकाण. गाडी रोह्याला उशिरा आली म्हणून उशीर रोह्यात झाला असं इथलं कोणी म्हणणार नाही. तो पनवेलच्या अलीकडे झाला असेल, दिव्याला झाला असेल. रोह्याला फक्त कळला. एमएलसारख्या भाषांत प्रोग्रामर प्रकार लिहीत नाही, चेकर ते ताडतो. तिथे नेमकं असंच होतं. तिसऱ्या ओळीत तुम्ही एक नाव आकडा म्हणून वापरलं, तिसाव्या ओळीत अक्षरं म्हणून. विरोध तिसाव्या ओळीत उघड होतो, म्हणून तक्रार तिथे. चूक कदाचित तिसऱ्या ओळीतच असेल. मिचेल वाँड यांनी १९८६ साली याच प्रश्नावर, टाइप चुकीचा उगम कसा शोधायचा यावर, निबंध लिहिला. पुढे १९९८मध्ये ली आणि यी यांनी दाखवलं की प्रकार ताडण्याच्या दोन प्रसिद्ध रीतींपैकी एक दुसरीपेक्षा आधीच थांबते. प्रोग्राम तोच, चूक तीच, पण कोण कुठे ओरडणार ते रीतीवर ठरतं. मग चाचणीत जेव्हा 'अपेक्षित चूक: ओळ तीस' असं लिहितात, तेव्हा आपण प्रोग्रामरची चूक नोंदवतो की चेकरची चालण्याची सवय? बऱ्याच वेळा सवयच. आणि एकदा नोंदली की तोच नियम होतो. उद्या कोणी जास्त हुशार रीत आणली, जी तिसऱ्या ओळीकडे बोट दाखवते, तर ती आधी सगळ्या जुन्या चाचण्यांत नापास होणार.

पायथॉनच्या जगात यावर एक समजूतदार तडजोड झाली आहे. तिथे मायपाय, पायराइट असे अनेक चेकर आहेत आणि प्रत्येकाचे शब्द वेगळे. सगळ्यांसाठी मिळून जो सामाईक चाचणीसंच आहे त्यात फक्त ओळीशेजारी 'ई' लिहितात, वाक्य नाही. चूक दिली तरी चालेल, नाही दिली तरी चालेल, अशा जागी 'ई'पुढे प्रश्नचिन्ह. या ओळींपैकी कुठल्याही एकीवर चूक आली तरी चालेल, असंही सांगता येतं. रोह्याच्या गाडीचा प्रश्न त्यांनी मान्य केला म्हणायचा. पण शब्द सोडून दिले, आणि आमच्या मते खरी अडचण शब्दांतच आहे.

कारण हे शब्द वाचतं कोण? कम्पायलर लिहिणाऱ्याला ते पाठ असतात. वाचणारा असतो पेण-रोह्याच्या कॉलेजातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. शेजारी मास्तर नसताना तक्रार हाच मास्तर.

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सी भाषेच्या पाठांत अर्धविराम गाळून मुद्दाम चूक करतात, कम्पायलर काय म्हणतो ते दाखवतात, मग दुरुस्त करतात. शिकवण्याची फार चांगली रीत, आणि एका अर्थाने ही अपेक्षित चुकीची चाचणीच. आवाज मराठीत आहे, पडद्यावरची तक्रार इंग्रजीत. गंमत अशी, की ते पाठ जीसीसीच्या जुन्या आवृत्तीवरचे. तेव्हा अर्धविराम राहिला की जीसीसी पुढच्या ओळीकडे बोट दाखवायचा, जिथे त्याला ते कळलं. २०१८च्या आठव्या आवृत्तीपासून तो अर्धविराम जिथे हवा होता तिथेच खूण करतो. (ही चूक व्याकरणाची, प्रकाराची नव्हे, हे मान्य. पण गाडीचा उशीर कुठे लिहायचा हाच प्रश्न.) आम्हाला ही सुधारणा फार मोठी वाटते. जुन्या चाचण्यांनी जुनी ओळ पवित्र मानली असती तर ती झालीच नसती.

उलट बाजूचं उदाहरणही जवळचंच आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'च्या जुन्या आवृत्त्यांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी सी शिकली. तिथे 'मेन' असं नुसतंच लिहीत, परतीचा प्रकार न सांगता. टर्बो सीला त्याचं काही वाटत नसे. जीसीसी त्यावर नुसता इशारा द्यायचा. २०२४च्या चौदाव्या आवृत्तीत शब्द तेच राहिले, पण इशाऱ्याची चूक झाली आणि प्रोग्राम थांबायला लागला. जीसीसीच्या चाचण्यांत हा फरक 'वॉर्निंग'च्या जागी 'एरर' एवढ्या एका शब्दाचा. जुन्या पुस्तकावरून शिकणाऱ्यासाठी मात्र पहिल्याच पानावरचा प्रोग्राम बंद पडला.

म्हणून आमचा आक्षेप असा: वाचणाऱ्याला कळलं का, हे यातली एकही चाचणी विचारत नाही. ते तपासता येत नाही असं नाही. २०११मध्ये मार्सो, फिसलर आणि कृष्णमूर्ती यांनी रॅकेट शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंद ठेवली: तक्रार आल्यावर पुढचा बदल त्यांनी काय केला, आणि तो तक्रारीला धरून होता का. संदेशातले नेहमीचे पारिभाषिक शब्दच विद्यार्थ्यांना नीट कळत नव्हते, असंही त्यांना आढळलं. इथे अपेक्षित उत्तर म्हणजे वाक्य नाही, वाचणाऱ्याची पुढची कृती. महाग आहे, रोज रात्री आपोआप चालवता येणार नाही. पण वर्षातून एकदा, एका कॉलेजच्या लॅबमध्ये, वीस मुलं आणि दहा चुका, एवढं करायला काय लागतं?

भाषेचं राहिलं. पायथॉनमध्ये 'वय' हे नाव देवनागरीत लिहिता येतं, तक्रार मात्र त्याच नावाभोवती इंग्रजीत येते. टाइपस्क्रिप्टचे संदेश क्रमांक देऊन वेगळ्या यादीत ठेवले आहेत, म्हणून जपानी, तुर्की, पोलिश अशी भाषांतरं झाली. भारतीय भाषा एकही नाही. रस्टमध्ये २०२२ साली संदेश भाषांतरासाठी वेगळे काढायचं काम सुरू झालं आणि रेंगाळलं. जीसीसीला भाषांतरं आहेत, पण चाचण्या चालवताना भाषा मुद्दाम इंग्रजीवर बांधतात, नाहीतर सगळ्याच पडतील. म्हणजे उद्या कोणी मराठी संदेश लिहिले आणि 'प्रकार जुळत नाहीत'च्या जागी उलट अर्थाचं वाक्य घातलं, तरी सगळ्या चाचण्या हिरव्याच राहतील. मराठी फाइल करायला बसणाऱ्यांना आमचं म्हणणं आहे, की भाषांतराच्या आधी चुकीचे पन्नास प्रोग्राम जमवा, आपल्याच मुलांच्या वह्यांतले. प्रत्येकाशेजारी मराठीत काय म्हटलं पाहिजे ते हाताने लिहा, आणि ते वाचून मुलाने कुठली ओळ बदलायला हवी तेही. आता प्रश्न घेऊ.