फ्लेक्सच्या गर्दीत हरवलेलं पोस्टर

शिरूर किंवा दौंडच्या एसटी स्टँडवर उतरलं की आधी दिसतात ते वाढदिवसाचे फ्लेक्स. वर नेते, खाली कार्यकर्ते. कोणाचं वजन किती, ते चेहऱ्याच्या आकारावरून ओळखायचं. तालुक्याच्या रस्त्यावर राजकीय चित्र म्हणून आज हेच उरलं आहे. त्यात स्तुती आहे, टीका नाही.

प्रचाराच्याच भाषेत प्रचाराला उत्तर देणारी कला स्क्रीन छपाईनं घडवली. मे १९६८मध्ये पॅरिसच्या कलाशाळेत विद्यार्थ्यांनी रात्र-रात्र जागून बिनसहीची पोस्टरं छापली. त्यातलं एक विसरता येत नाही: फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांची काळी सावली मागून एका तरुणाचं तोंड दाबते आहे. रंग एकच, शब्द मोजके.

आपल्याकडे चित्रं छापणारी पुण्याची चित्रशाळा १८७८ची. चित्रकार चित्तप्रसादांनी मुंबईत राहून लिनोकटमधून कष्टकऱ्यांची बाजू मांडली. १९६०मध्ये ‘मार्मिक’ साप्ताहिक निघालं आणि व्यंगचित्र मराठी घराघरांत गेलं. पण साप्ताहिक विकत घ्यावं लागतं, पोस्टर रस्त्यात अडवतं. ती जागा आपल्या व्यंगचित्रकारांनी कधी पुरती घेतलीच नाही, असं माझं मत आहे.

कसब मात्र गावात आहे. लग्नपत्रिका छापणारा कारागीर लाकडी चौकटीवर नायलॉनची जाळी ताणतो, अंधारात तिला केमिकल लावतो, पॉझिटिव्ह ठेवून उजेड देतो, मग पाण्यानं धुतो. झाकलेल्या भागातलं केमिकल वाहून जातं आणि जाळीत अक्षर उघडतं. स्क्विजीनं शाई ओढली की कागदावर गणपती उमटतो. त्याच चौकटीतून कोऱ्या सातबाऱ्यावर बसलेला बिबट्याही उमटू शकतो.

मग अडतं कुठं? निवडणुकीच्या पोस्टरवर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता घालणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७क नुसार बंधनकारक आहे. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नियम योग्यच आहे, बोलणाऱ्यानं नावानिशी बोलावं. खरी अडचण पोटाची आहे. छोट्या गावात छपाईची मोठी कामं पुढाऱ्यांकडूनच येतात. ज्याचे झेंडे-बिल्ले छापायचे, त्याच्यावर चित्र कसं काढणार? ही भीती मी खोटी म्हणणार नाही. म्हणून सुरुवात व्यक्तीपासून नको, प्रश्नापासून करावी.

प्रश्नांची वाण नाही. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा दौंड तालुक्यातून वाहते आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. पाटसचा भीमा साखर कारखाना काही हंगाम बंदच राहिला. उसात बिबट्या आणि शेतीची वीज रात्रीची, यात शिरूरचा शेतकरी सापडला आहे. यातल्या प्रत्येकावर एका रंगात चित्र होऊ शकतं, तेही विनोदानं आणि नेमकं.

लग्नसराई संपली की चौकटी मोकळ्या असतात. चित्रकलेच्या शिक्षकांनी आणि छपाईवाल्यांनी एकदा एकत्र बसावं. पन्नास प्रती काढाव्यात, खाली आपलं नाव घालावं, आणि परवानगी घेऊन बाजारतळावर लावाव्यात.